अकरा : साक्षीदाराची सही

"तानू, मी पक्का व्हयनू वं. आते आखाजी आपली मालक नही."

तानुबाईचा नवरा जीवराम हे घरात येऊन बोलला नव्हता. गल्लीच्या तोंडाशी, सायकलवरून उतरायच्या आधीच बोलला होता, आणि जळगावातल्या मेहरूणच्या त्या गल्लीतल्या सात-आठ उंबऱ्यांनी ते ऐकलं होतं. चाळीस वर्षं झाली. तानुबाईच्या हातांना तेव्हा कळण्याचं, ज्वारी-उडदाचं पीठ होतं. तिने ते हात तसेच कपाळाला लावले आणि दिवसभर पिठाचं कपाळ घेऊन ती घरात फिरत राहिली.

त्याआधी धुळ्याकडच्या गावात तो बारा वर्षं सालदार होता. सालदाराचं वर्ष आखाजीला, अक्षय्य तृतीयेला सुरू होतं आणि आखाजीलाच संपतं. गावात त्या दिवशी आंब्याचा रस, पुरणाची पोळी, पोरींचे झोके. सालदाराच्या घरी मात्र माणसं ताटावर बसून वाट बघायची, मालक ठेवतो की जा म्हणतो. जळगावच्या डाळ मिलने त्याला कायमचा कामगार करून त्या घराला आखाजीचा घास गोड करून दिला होता.

आज तीच आखाजी होती. जीवरामच्या नावाची घागर तानुबाईने सकाळीच भरून ठेवली होती. घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, आणि डांगरावर दोन सांजोऱ्या. घमेल्यात निखारे फुलत होते. थोरल्या लेकाने बापाचं नाव घेऊन निखाऱ्यावर पहिला घास टाकायचा, आगारी द्यायची, मग घराने जेवायचं. पण थोरल्याच्या, वनाच्या हातात घास नव्हता. कागद होता.

"वाच," तानुबाई म्हणाली. "मोठ्यानं वाच. त्या कूलरच्या आवाजात कायबी ऐकू येत नाही."

वनाने चष्मा नाकावर घेतला. "'मी, पुना जीवराम महाले. आपल्या मिलमध्ये गेली एकोणीस वर्षे रोल मिस्त्री म्हणून काम करीत आहे. घरगुती कारणास्तव मी माझ्या नोकरीचा राजीनामा देत आहे. तरी आपल्या मिलचे रोल भरण्याचे व लावण्याचे काम यापुढेही ठेका पद्धतीने करण्याची माझी तयारी आहे. कळावे.'"

"घरगुती कारण कोनतं?" तानुबाईने धाकट्याकडे बघितलं आणि मग स्वयंपाकघराच्या दाराकडे मान उडवली. "मी? का हाई?"

हाई म्हणजे मयुरी, पुनाची बायको. ती दारात कणकेचे हात घेऊन उभी होती. तिने खाली बघितलं.

"लिहायचं असतं तसं, माय," पुना म्हणाला. "कागदाची भाषा असते."

"अन् ही ओळ?" वनाने कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. "ही तर तुझी भाषा नाही. रोनकशेठने स्वतः पेनाने टाकलीय. 'कामाच्या वेळी होणाऱ्या कोणत्याही इजेची जबाबदारी सर्वस्वी ठेकेदाराची राहील.' खाली दोन रेघा. एक तुझी, एक साक्षीदाराची. साक्षीदार म्हणून माझं नाव त्यांनीच लिहून टाकलंय."

"मग कर ना सही. हेड फिटर तू, सख्खा भाऊ तू. दुसरा कोण करेल?"

"सुरेशचंद शेठ असते तर त्यांनी समोर बसवून दोन वेळा विचारलं असतं, काय दुखतंय म्हणून. त्यांच्या पोरानं, या रोनकशेठनं, नुसता अंगठा पाठवून दिला मोबाइलवर."

"अंगठा म्हणजे मंजूर," पुना हसला. "आपल्या आज्यानं जन्मभर अंगठाच दिला. आता शेठ देतात. दिवस बदलले."

तानुबाई घमेल्यातल्या निखाऱ्यांवर राख सारत बसली होती. "तुना बापले सालदारकी सोडाले बारा वरीस लागनात," ती म्हणाली. चिडली, घाबरली की तिची भाषा शहर सोडून गावाला जाई. "अन् तू आखाजीना दिन दखीसन परत सालवर चालना."

"साल एका मालकाचं असतं, माय. ठेका चार मालकांचा. एक जळगावचा, तीन धुळ्याचे. मी कोणाच्या भोंग्याला बांधलेला नाही."

"धुळ्याला बटणावर कोण?" वनाने विचारलं. आवाज साधाच होता. पण मयुरीला तो आवाज ओळखीचा होता. मशीन उघडण्याआधी वनाभाऊ नट चाचपायचा, तसा.

पुना म्हणाला, "अतिक."

"कोण अतिक?"

"हाशमचाचाचा मुलगा. धुळ्याच्या मिलांमध्ये मोटारीचं काम करतो. चांगला पोरगा आहे, दादा. पैसे बोलत नाही, काम बोलतो."

तानुबाई उठली. गुडघ्यावर हात न ठेवता उठली, ही गोष्ट दोन्ही मुलांच्या लक्षात आली. ती आत गेली. जाताना निखाऱ्यांचं घमेलं तिने पायाने बाजूला सारलं, आणि घागरीकडे बघितलंही नाही.

हाशमचं नाव या घरात एकवीस वर्षं कोणी घेतलं नव्हतं.

रोल म्हणजे लोखंडाचं आडवं पिंप. त्याच्यावर खरखरीत खडीचा लेप असतो, आणि भोवती जाळी. तूर त्या दोहोंमधून घासत जाते नि टरफल टाकते. लेप झिजला की मिस्त्रीने तो नव्याने भरायचा, रोल परत मशीनमध्ये लावायचा आणि जाळीतलं अंतर हात घालून बोटांनी मापायचं. बटण असतं भिंतीपलीकडे. म्हणून मिलची रीत अशी की बटणावरच्या माणसाने हाक द्यायची, "मिस्त्री, हात बाहेर?" आणि आतून मिस्त्रीने "हां" म्हटल्याशिवाय बटण दाबायला बोट उचलायचं नाही. एकवीस वर्षांपूर्वी बटणावर हाशम होता. त्याने हाक न देता मशीन चालू केलं, असं पंचनाम्यात लिहिलं गेलं. जीवरामचा आधी हात गेला, मग खांदा, आणि तिसऱ्या दिवशी जीवराम. हाशमला मिलमधून काढलं, गल्लीने त्याच्याकडे पाठ केली, आणि बायको-मुलाला घेऊन तो धुळ्याला निघून गेला. जाण्याआधी त्याची बायको अमिनाबी तानुबाईच्या दाराबाहेर अर्धा दिवस बसून राहिली होती. तानुबाईने कडी काढली नव्हती.

◆

"तुले माहीत व्हतं?" तानुबाईने ओट्याला टेकून विचारलं.

"अतिकचं नाही, आत्याबाई. शपथ."

"बाकीनं माहीत व्हतं."

मयुरी पोळी लाटू लागली. बाकीचं तिला माहीत होतं. राजीनामा तिनेच मोबाइलवर टाइप केला होता, 'कळावे' हा शब्दसुद्धा तिचाच. धुळ्याची मुलगी ती, आखाजीला माहेरी जायची. या वर्षी भावाने दोनदा फोन केला, तिने उन्हाचं कारण सांगितलं. बाहेर गल्लीतल्या लिंबाला दोर बांधून पोरी झोके घेत होत्या, त्यात तिची लेकही होती. माहेरून न्यायला येणाऱ्याची वाट बघणारं त्यांचं गाणं आत येत होतं:

चैत गया, वैसाख उना, झोका गया आभायले,
माय वं मनी, कोन उना मूय माले लेवाले.

पुनाला हे गाणं ऐकू येत नव्हतं.

हे या घरात फक्त तिला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी लेक तापाने फणफणली होती, त्याच्या कुशीत झोपली होती, 'पप्पा पाणी' म्हणत होती, आणि तो डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होता. त्या दिवसापासून तिने नवऱ्याकडे नीट बघायला सुरुवात केली, आणि तिला दिसलं की हा माणूस ओठ बघतो. ओठ दिसले नाहीत की "हां" म्हणतो. दुकानदाराला हां, शाळेतल्या बाईंना हां, गल्लीत कोणी मागून काही बोललं तरी हां. लोक म्हणत, पुना मिस्त्री फार गरीब स्वभावाचा, कशाला नाही म्हणत नाही.

उद्या मिलमध्ये डॉक्टरांची गाडी येणार होती. डाळ परदेशी पाठवायची म्हणून शेठना कसलंसं सर्टिफिकेट हवं होतं. पक्क्या कामगारांची छाती, डोळे, कान सगळं तपासणार होते. कानाला मशीन लावून बसवतील, पुना म्हणाला होता, आणि संध्याकाळपर्यंत मला पोती शिवायला पाठवतील. एकोणीस वर्षांच्या मिस्त्रीला. मग तोच म्हणाला होता, "ठेकेदाराचे कान कोणी तपासत नाही." आणि लेकीच्या डोक्यावर मयुरीचा हात ठेवून शपथ घातली होती.

तिने शपथ पाळली. पण धुळ्याच्या अनोळखी मिलमध्ये, अनोळखी भिंतीपलीकडून येणारी हाक तिने तेव्हा डोळ्यांपुढे आणली नव्हती. आता ती आली, आणि लाटणं थांबलं.

वना पाणी प्यायला आत आला. माठातून तांब्या भरला आणि भरलेलाच ठेवून दिला.

"मयुरी, तो हल्ली टीव्ही किती मोठा लावतो गं."

"लावतात," ती म्हणाली.

"आणि मिलमध्ये मी हाक मारली की येत नाही. खांद्याला हात लावला की दचकतो."

मयुरीने वर बघितलं. वनाभाऊ तिच्याकडे बघत नव्हता, माठाकडे बघत होता. तानुबाई दोघांकडे आळीपाळीने बघत होती. आपल्या घरात दोन माणसं एक गोष्ट ओळखतात आणि ती आपल्याला कोणी सांगत नाही, एवढंच तिला समजलं होतं.

"भाऊ, माझ्यावर शपथ आहे," मयुरी म्हणाली.

"मग बोलू नको," वना म्हणाला. "शपथेचं ओझं मला ठाऊक आहे. फक्त एवढं सांग. मी सही करू का नको?"

तिने पोळपाटावरची अर्धवट पोळी उचलली, पुन्हा गोळा केली. आजवर या घरात ती कायम नवऱ्याच्या बाजूने बोलली होती; सासूपुढे, जावेपुढे, वनाभाऊपुढेही.

"नका करू," ती म्हणाली.

◆

लाइट गेली. कूलरचा पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला. पुनाला ते गालावरच्या वाऱ्यावरून कळलं.

त्याच्यासाठी फार काही बदललं नाही. लहानपणी मेहरूणच्या तलावात तो बुडी मारायचा, आणि वर काठावरून वनादादा ओरडायचा, तेव्हा तो आवाज पाण्यातून जसा यायचा, जाड आणि लांबचा, तसं आता सगळंच येत होतं. त्याला पाण्याचं भय नव्हतं. भय पोत्यांचं होतं. सुई-सुतळी घेऊन शेडच्या कडेला बसायचं, आणि नवीन पोराने भरलेला रोल वेडावाकडा फिरताना बघायचा. रोल त्याला ऐकावा लागत नसे. तो तळहात ठेवून सांगायचा, कुठे उंच आहे, कुठे झिजलाय. कान गेले पण तळहात होता. तेवढ्यासाठी माणसाला कामावर ठेवत नाहीत, ठेका देतात. त्याला ते पटलं होतं. त्यात अपमान कमी होता.

सगळे बाहेर आले. मायने निखाऱ्यांवरची राख पुन्हा उडवली. वनादादा आला, पण समोर बसला नाही.

"दादा, उशीर करू नको," पुना म्हणाला. कूलर बंद झालेल्या त्या शांत खोलीत त्याचा आवाज एवढा मोठा निघाला की झोक्यावरच्या पोरींनी दारातून वाकून बघितलं. "माय, तुला अतिकचं दुःख आहे, कळतं मला. पण चूक बापाची, लेकाने किती वर्षं भोगायची? तो पोरगा तेव्हा पाच वर्षांचा होता. मी त्याला काम देतो, तर हाशमचाचा मला म्हणाले, तुझा हात माझ्या मुलाच्या हाती देऊ नको. रडले ते. कशाला रडले, मला कळलं नाही."

त्याने सगळ्यांच्या ओठांकडे बघितलं. कोणाचेही ओठ हलत नव्हते.

◆

वनाला कळलं होतं.

तो दाराशी उभा होता, उजेडाकडे तोंड करून. हातात कागद. रोनकशेठने दिलेलं पेन खिशात. लिंबाखाली पोरी पुन्हा झोक्यावर चढल्या होत्या.

"पहिले आगारी दे," मागून माय म्हणाली. "कागद मग फाड नाहीतर सही कर. पितर उपाशी ठेवू नको."

"देतो, माय. थांब थोडी."

एकवीस वर्षांत त्याने या घरासाठी सगळं केलं होतं. पुनाला बापाच्या जागी लावायला शेठच्या केबिनबाहेर उभा राहिला. पुनाचं लग्न लावलं. मायच्या डोळ्यांचं ऑपरेशन केलं. दर आखाजीला बापाच्या नावाने घास टाकला, आणि दर आखाजीला वाटलं, आज निखारा घास घेणार नाही. निखारा घेत होता. धूर सरळ वर जात होता. बाप काही बोलत नव्हता, म्हणून तोही बोलत नव्हता.

आता मात्र धुळ्याच्या भिंतीपलीकडे हाशमचा मुलगा बोट उचलून उभा राहणार होता.

तो वळला नाही. पाठ घरात, तोंड गल्लीकडे, तसाच उभा राहून तो बोलला. हळू नाही, मोठ्यानेही नाही. माणूस माणसाशी बोलतो त्या आवाजात.

"पुना, मिस्त्री, हात बाहेर?"

मयुरीने हातातलं ताट खाली टेकवलं.

पुनाने बघितलं की दादाची मान हलली. मायचे डोळे आपल्याकडे आले, बायकोचेही आले. म्हणजे आपल्याला काहीतरी विचारलंय.

"हां," तो म्हणाला. आणि सगळे तसेच बघत राहिले म्हणून थोडं हसून, "हां, हां. करून टाक."

तानुबाईने तोंडावर पदर घेतला. म्हातारीला समजायला वेळ लागला नाही. तिने हे लेकरू पाजलं होतं, त्याला बोलायला शिकवलं होतं. "पुना," तिने हाक मारली, पदराआडून. मग पुन्हा, "पुना रे." तो वनाच्या पाठीकडे बघत राहिला.

मयुरी रडायला लागली, आवाज न करता. तिची शपथ तिने मोडली नव्हती.

"कितला दिन व्हयनात?" तानुबाईने विचारलं.

"दोन वर्षं, आत्याबाई."

"अन् माले कोनी सांगं नही. मी याच घरमा ऱ्हास."

"काय झालं?" पुना म्हणाला. "दादा, काय विचारलंस? बोल की तोंड दाखवून."

वना आता वळला. तो येऊन पुनाच्या समोर जमिनीवर बसला, गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ. कागद दोघांच्या मधे ठेवला. भावाच्या हनुवटीला हात लावून त्याचं तोंड आपल्याकडे केलं, लहानपणी तलावातून बाहेर काढल्यावर करायचा तसं.

"मी या कागदावर सही करणार नाही," तो म्हणाला, शब्द ओठांवर सुटे सुटे ठेवत. "उद्या तू माझ्याबरोबर त्या डॉक्टरच्या गाडीत बसशील. पोती शिवायला लावली तर शिवशील. मी शेजारी बसून शिवेन."

"तू कोण ठरवणारा?" पुनाने त्याचा हात झटकला. "तुला भीती वाटते शेठची. मी सुटतो म्हणून पोटात दुखतं तुझ्या. बापाच्या जागी मी लागलो, बापाचा हात मला आला, हे तुला कधी..."

"पुना, माझ्या तोंडाकडे बघ."

"मी मरेन तर मी मरेन. लिहिलंय त्याच्यात. जबाबदारी माझी."

"अन् अतिकची?"

तानुबाई पुढे सरकली. "त्याचं नाव इथं काढू नको. त्याच्या बापानं माझं कपाळ पुसलं."

"नाही पुसलं, माय."

खोलीत ऊन आलं होतं, घागरीपर्यंत. वनाने एकदा तिकडे बघितलं. मग भावाच्या तोंडावरची नजर न काढता, मायला ऐकू जाईल आणि भावाला दिसेल असं तो बोलला.

"हाशमनी हाक दिली होती. एकदा नाही, दोनदा दिली. मी तिथंच होतो, पान्हा घेऊन, चार हातांवर. आपल्या आबांना ऐकू येत नव्हतं, पुना. तीन वर्षं झाली होती. मला माहीत होतं, मी लपवत होतो, तुझी बायको लपवते तसं. आबांनी आत हात ठेवून 'हां' म्हटलं. मी ऐकलं, आणि मला वाटलं, या वेळी त्यांना खरंच ऐकू आलं असेल. पंचनाम्याच्या साहेबांनी विचारलं, हाक आली होती का. कान गेलेले समजले असते तर चूक आबांची ठरली असती, तुला नोकरी मिळाली नसती, आपण परत सालावर गेलो असतो. मी म्हटलं, हाक आली नाही. खाली साक्षीदाराची सही मी केली, माय."